कारखान्यांचें सांडपाणी : आधीं ऊन, मग जंतू

तळोजें येथील कासाडी नदीच्या दूषित पाण्याची तक्रार २०१८ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें होती, हें वाचकांस विदित असेलच. औषधांच्या व रंगांच्या कारखान्यांतील कांहीं द्रव्यें इतकीं हट्टी असतात कीं, सांडपाणी शुद्ध करणारे जंतू तीं खात नाहींत. उलट जंतूच मरतात.

यावर एक उपाय असा. पाणी आम्ल करून (पीएच ३ च्या सुमारास) त्यांत लोहाचा क्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळावें आणि तें कांचेच्या नळ्यांतून उन्हांत फिरवावें. उन्हाच्या योगानें तेंच लोह पुनःपुन्हां कामीं येतें व हट्टी द्रव्यांचे तुकडे पडतात. तीं समूळ नाहींशीं करण्याचा आग्रह मात्र धरूं नये. पेरॉक्साइड महाग पडतें. तुकडे जंतूंस पचण्याजोगे झाले कीं थांबावें, उरलेलें पेरॉक्साइड संपल्याची खात्री करावी (एरव्हीं तेंच जंतूंस मारील), चुन्यानें आम्लता घालवावी, खालीं बसलेला लोहाचा गाळ काढावा आणि पुढील काम जंतूंवर सोंपवावें. स्पेन देशांत आल्मेरिया येथें याचे मोठे प्रयोग झाले आहेत. आमच्या कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने तितकें ऊन कोठून आणावें?

शिवाय विरघळलेलें मीठ या रीतीनें जात नाहीं. सातबाऱ्यांत पाण्याचें साधन लिहितात, पाण्याची प्रत लिहीत नाहींत. तेव्हां नाल्याचें पाणी खाचरांत घेण्यापूर्वीं तें प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें.