प्रश्न पुढे, उत्तर पाठीमागे

माझी भाची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, वीस वर्षे एका दवाखान्यात आयाचे काम करते. वहिनीचे शिक्षण चौथीपर्यंत. मराठी नीट वाचते, पण लेकीची जाडजूड इंग्रजी पुस्तके पाहिली की हात मागे घेते. “मी कसा घेऊ गं तुझा अभ्यास?” हे तिचे नेहमीचे वाक्य. घर एका खोलीचे. मोबाईल एकच, तोही रात्रपाळीला भावाबरोबर जातो.

मी कचेरीत टायपिंगचे काम करते. मला वाटले, या मायलेकींना प्रश्नोत्तरांची कार्डे छापून द्यावीत. पुढे प्रश्न, पाठीमागे उत्तर. पिशवीत मावतील, बसमध्ये उभ्यानेही वाचता येतील. काम तासाभराचे वाटले होते. प्रत्यक्षात दोन रविवार गेले आणि बरीच कार्डे वाया गेली. पुन्हा कुणाचा पैसा असा जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

माप तीन ठिकाणी सांगावे

स्टेशनरीच्या दुकानात टिपणांची तयार कार्डे मिळतात. ३ बाय ५ इंच हे त्यांचे नेहमीचे माप. ग्रंथालयांच्या लाकडी खणांत पुस्तकांच्या नोंदीची कार्डे असत, तीही जवळपास एवढीच, ७.५ बाय १२.५ सेंटीमीटर. मी एक पाकीट आणले, मजकूर टाईप केला आणि छपाईची आज्ञा दिली. कार्डावर अर्धे शब्द उमटले, अर्धे कार्डाबाहेर गेले!

कारण साधे होते. कॉम्प्युटरला वेगळे सांगितले नाही, तर तो बहुधा ए-४ कागद धरून चालतो, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर. म्हणून कार्डाचे माप तीन ठिकाणी सांगावे लागते.

पहिले ठिकाण मजकुराचे पान. ‘वर्ड’मध्ये ‘लेआउट’, मग ‘साइज’ आणि शेवटी ‘मोअर पेपर साइजेस’ असे जावे व रुंदी-उंची स्वतः लिहावी. ‘लिबरऑफिस रायटर’ हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात ‘फॉरमॅट’मधील ‘पेज स्टाईल’ उघडावी. चारही बाजूंना निदान अर्धा सेंटीमीटर समास सोडावा, कारण बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत.

दुसरे ठिकाण प्रिंटरची खिडकी. ‘प्रिंट’ म्हटल्यावर ‘प्रॉपर्टीज’मध्ये कागदाचे माप पुन्हा विचारले जाते. तिथेही तेच माप द्यावे. ‘फिट टू पेज’ असेल तर काढून टाकावे आणि शंभर टक्के ठेवावे. नाहीतर अक्षरे आपोआप लहान-मोठी होतात.

तिसरे ठिकाण कागदाचा खण. तिथल्या सरकत्या पट्ट्या कार्डाला हलकेच टेकतील अशा लावाव्यात. पट्टी सैल राहिली की कार्ड तिरके जाते. जाड कार्ड शक्यतो मागच्या खणातून द्यावे. पुढच्या खणातून जाताना अनेक प्रिंटरांत कागदाला उलटे वळण घ्यावे लागते आणि जाड कार्ड तिथेच अडकते. आपला प्रिंटर लहानात लहान किती मापाचा आणि किती जाड कागद घेतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहावे.

एका कागदाची आठ कार्डे

माझ्या प्रिंटरला एवढे लहान कार्ड झेपेना. तेव्हा दुसरा मार्ग धरला आणि तोच स्वस्त पडला. ए-४ कागदाचे बरोबर आठ सारखे भाग केले की प्रत्येक तुकडा सुमारे १०.५ बाय ७.४ सेंटीमीटरचा होतो. काहीही वाया जात नाही. दोन रकाने आणि चार ओळींचे टेबल आखावे, ओळीची उंची ७.४ सेंटीमीटर पक्की करावी आणि प्रत्येक चौकटीत एक प्रश्न लिहावा. मजकूर चौकटीच्या मधोमध ठेवावा, म्हणजे कापताना हात थोडा हलला तरी अक्षर तुटत नाही. साधा झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि त्यातून पाठचे अक्षर दिसते. त्याहून जाड कागद घ्यावा.

छपाई दुकानातून करून घेणार असाल तर मजकूर युनिकोड मराठीत टाईप करावा आणि पीडीएफ करून न्यावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांची खिचडी होते. पीडीएफमध्ये ही भीती उरत नाही. तरी दुकानदाराला सांगावे, “शंभर टक्क्यांवर काढा, फिट करू नका.”

वहिनीने पकडलेली चूक

कार्डे छापली, कापली, रबर लावून भाचीच्या हाती दिली. रात्री वहिनी लेकीला प्रश्न विचारू लागली. “मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला किती?” भाची म्हणाली, “साठ ते शंभर.” वहिनीने कार्ड उलटले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “इथं तर सदतीस लिहिलंय. सदतीस नाडी असती तर डॉक्टरला हाक मारायला पळाले असते मी! ताई, काहीतरी उलटंपालटं झालंय.”

झाले होते खरेच. ३७ अंश सेल्सिअस हे शरीराच्या तापमानाचे उत्तर होते, शेजारच्या कार्डाचे. कागद उलटला की डावी बाजू उजवीकडे जाते हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. म्हणून उत्तरांच्या पानावर दोन्ही रकान्यांची अदलाबदल करावी लागते. डावीकडच्या प्रश्नाचे उत्तर उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, आणि कागद लांब कडेवरून उलटायचा. आधी एक कोरा कागद घेऊन आठ चौकटींत पेन्सिलीने आकडे लिहावेत, तो प्रिंटरमधून फिरवून पाहावा आणि मगच जाड कागद घालावा.

इथे चूक नाडीची होती म्हणून वहिनीला कळली. औषधाच्या मात्रेची असती तर? म्हणून छापलेले प्रत्येक कार्ड मूळ पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

पाच कप्प्यांचा खोका

कार्डे कशी वापरावीत याचीही एक रीत आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली ती पुस्तकातून मांडली. चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करावेत. सगळी कार्डे आधी पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, त्यापुढचे अधिकाधिक दिवसांच्या अंतराने. येणाऱ्या गोष्टींवर वेळ जात नाही आणि न येणाऱ्या सुटत नाहीत.

एका कार्डावर एकच प्रश्न असावा, अक्षर मोठे असावे. शक्य असेल तर मजकूर मुलांनीच तयार करावा. नेमका प्रश्न काढताना निम्मा अभ्यास होतो. प्रिंटर नसेल तर हाताने लिहिलेली कार्डेही तेवढेच काम करतात. छापल्याचा फायदा एवढाच की चूक दुरुस्त करून पुन्हा काढता येते आणि वर्गातल्या मैत्रिणींनाही एकेक संच देता येतो.

आम्ही शास्त्रीय शब्द इंग्रजीत ठेवला आणि खाली त्याचा उच्चार व अर्थ मराठीत दिला. आता रोज जेवणे आटोपली की वहिनी खोका पुढे ओढते. “तुझा अभ्यास मी कसा घेऊ” असे ती आता म्हणत नाही. उत्तर अर्धवट आले तर म्हणते, “असं नाही चालायचं, पूर्ण सांग,” आणि कार्ड पुन्हा पहिल्या कप्प्यात टाकते.