हळद कोणाला, आणि कोणती?

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. १४ जानेवारी २०२५ला निजामाबादेत राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. तेव्हापासून हिंगोली जिल्ह्यात हळदीची चर्चा भाव, निर्यात आणि कुरकुमिनची टक्केवारी यांच्यापुढे जात नाही. संत नामदेव मार्केट यार्डातला दर वाचकांना रोज कळतोच, तो इथे सांगत बसत नाही. मला बोलायचं आहे ते याच पिकाकडे चिनी वैद्य कसा पाहतो याबद्दल. आपल्या एवढ्या चर्चेतून सुटलेला एक प्रश्न तो सर्वांत आधी विचारतो: हळद औषध आहे ना, मग कोणासाठी?

चिनी वैद्यकात हळदीच्या एकाच झाडाची दोन औषधं होतात. काढणीला गड्डे आणि हळकुंडं निघतात, तशा मुळांच्या टोकांना लांबट, फुगीर गाठीही लोंबत असतात. आपण त्या मातीसोबत झटकून टाकतो. चीनमध्ये मात्र हळकुंड ‘ज्यांगह्वांग’ म्हणून विकलं जातं आणि मुळांवरच्या गाठी ‘यूजिन’ म्हणून. (यूजिन हळदीच्या इतर काही भाईबंदांपासूनही घेतात.) दोन्ही औषधं तिखट-कडू आणि दोन्ही अडलेलं रक्त व प्राणशक्ती वाहती करणारी. पण हळकुंड उष्ण मानलं आहे आणि गाठ थंड. तांग राजवटीने ६५९ साली सरकारी खर्चाने जो औषधीग्रंथ करवून घेतला, त्यात ज्यांगह्वांगची नोंद आहे.

उष्ण आणि थंड हा भेद कशाला, हे रुग्ण समोर बसला की कळतं. खांदा दुखतो म्हणून तीन बायका आल्या आहेत असं समजू. चिनी वैद्य चार वाटांनी तपासतो: पाहणं, ऐकणं आणि वास घेणं, विचारणं, आणि हात लावून बघणं. जिभेचा रंग, तिच्यावरचा थर, कडांवरचे दातांचे ठसे हे सगळं तो बारकाईने टिपतो. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी बोटं ठेवून नाडी बघतो. तिसऱ्या शतकात वांग शूह यांनी नाडीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तिचे २४ प्रकार मांडले. यातून वैद्याला हवं असतं ते रोगाचं नाव नसतंच. दुखणं वरवरचं की आतलं, थंड की उष्ण, कशाची कमतरता आहे की कशाचा अतिरेक, त्याचा कल यिनकडे की यांगकडे, एवढं त्याला ठरवायचं असतं.

पहिल्या बाईचं दुखणं पावसात आणि गारठ्यात वाढतं, शेकलं की बरं वाटतं, जिभेवर पांढरा थर आहे, नाडी ताणलेली आहे. वारा, थंडी आणि ओल अंगात शिरून वाट अडवून बसली आहे, असं निदान होईल. तिच्या काढ्यात हळकुंड पडेल. ‘ज्वान-बी थांग’ नावाच्या जुन्या काढ्यात ते याच कामासाठी आहे. दुसरीची छाती घुसमटते, तोंड कडू पडतं, झोप नाही, चिडचिड फार, जिभेच्या कडा लाल आणि नाडी तारेसारखी. यकृताची गती तुंबून उष्णता साचली आहे, असं वैद्य म्हणेल आणि हळकुंडाऐवजी गाठ देईल. तिसरी अशक्त, फिकट, रक्त कमी असलेली. अडलेलं असं काही नाहीच. तिला हळकुंड देऊ नये, असं चिनी औषधीशास्त्र बजावतं. वाहतं करणारं औषध अशा शरीरातलं उरलंसुरलं बळही खर्च करतं, असा त्यामागचा विचार. गरोदरपणातही ते जपूनच वापरायचं. दुखणारा खांदा तिघींचाही, उपचार मात्र तीन. एक आजार, उपचार निराळे. आणि आजार निराळे, उपचार एक: या शास्त्राचा सगळा कणा एवढाच आहे.

कोणतं औषध कोणाच्या शेजारी चालत नाही, याचीही यादी आहे. त्यात यूजिन आणि लवंग यांचं पटत नाही असं सांगितलेलं आहे. आपल्या कितीतरी मसाल्यांत हळद-लवंग एकत्र नांदतात, त्यामुळे हे वाचून मी थबकले. पण निषेध आहे तो गाठीचा. आपण खातो ते हळकुंड.

यातलं बरंच आयुर्वेदाला परकं नाही. आयुर्वेदातही हळद उष्ण आणि रूक्षच आहे, प्रमेहात ती आवळ्यासोबत देतात. योगरत्नाकरातल्या आठ परीक्षांमध्ये नाडी आहे, जीभही आहे. प्रकृती बघितल्याशिवाय औषध नाही, हा आपलाच दंडक होता. तो आपण कॅप्सूलच्या दुकानात गहाण टाकला, याचं मला वाईट वाटतं. चीनमधून आपल्याकडे सुई आली. १९३८ साली सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत चीनला गेलेल्या डॉ. बसूंनी पुढे तिथे ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. सुईमागची तपासणीची शिस्त आणि औषधीज्ञान मात्र सामान्य वाचकापर्यंत पोचलंच नाही.

या शास्त्रावर आंधळा विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. एकाच रुग्णाची नाडी अनेक चिनी वैद्यांना दाखवली, तर त्यांचं एकमत बऱ्याचदा होत नाही, हे चाचण्यांत दिसून आलं आहे. आज पाठ्यपुस्तकात दिसणारी नीटनेटकी निदानपद्धतीही बरीचशी १९५० नंतर चीनच्या सरकारी महाविद्यालयांत बांधली गेली. यकृताची गती तुंबते, हे सोनोग्राफीत दिसत नाही. तरीही ‘कोणाला?’ हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचा पुरावा थेट आधुनिक रुग्णालयांतून आला आहे.

हळदीत कुरकुमिन साधारण ३ ते ५ टक्के असतं आणि ते रक्तात फार कमी उतरतं. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पिपरिन सोबत दिलं, तर माणसात त्याचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. त्या जोरावर कॅप्सूलचा बाजार उभा राहिला. मग अमेरिकेत अशा पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदले गेले. २०२२च्या एका अभ्यासात अशा १० रुग्णांपैकी ७ जणांत एकच विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे तीच गोळी एकाला पचते आणि दुसऱ्याचं यकृत बिघडवते. भाजीतल्या चिमूटभर हळदीला घाबरायचं कारण नाही. पण कॅप्सूल घेत असाल, तर डॉक्टरांना ते सांगा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

वसमतच्या हरिद्रा संशोधन केंद्राकडे माझी एक मागणी आहे. कुरकुमिन वाढवण्याचं काम चालू द्या, पण शिवारात टाकून दिल्या जाणाऱ्या त्या गाठीही प्रयोगशाळेत न्या. आपल्या जातींना त्या किती येतात, त्यांत काय असतं, चिनी प्रमाणग्रंथाच्या कसोटीवर त्या उतरतात का, हे तपासा. पानं वाळल्यावर खणायचं, धुवायचं, वाफवून किंवा उकळून आतपर्यंत शिजवायचं आणि वाळवायचं, एवढीच यूजिनची कृती आहे. हिंगोलीच्या शेतकऱ्याला यातलं काहीही नव्याने शिकवावं लागणार नाही. काहिली आणि बॉयलर त्याच्याकडे आहेतच.