मुंबई म्हणजे नेमकी कोठपर्यंत? नगराच्या सीमा व त्यांतील कारभार

जुन्या कागदांत ‘मुंबई’ हा शब्द आला, की वाचणारा आजचें शहर डोळ्यांसमोर आणतो आणि तेथेंच अर्थाचा घोटाळा सुरू होतो. या एकाच नांवानें निरनिराळ्या काळीं निरनिराळा प्रदेश ओळखला गेला आहे. इतकेंच नव्हे, तर आजहि या नांवाच्या चार सीमा एकाच वेळीं चालू आहेत: जिल्ह्याची, महानगरपालिकेची, खानेसुमारीची व महानगर प्रदेशाची. संग्राहकांनीं दप्तरांची वर्गवारी लावतांना यांपैकीं कोणती धरावी, हें कळण्यास त्यांचा उगम पाहिला पाहिजे.

सीमेचा वाद इंग्रजी अंमलाइतकाच जुना आहे. इ. स. १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगालच्या राजानें मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. पण तहांतली ‘मुंबई’ किती, यावर ताबा मिळण्यापूर्वींच तंटा उपस्थित झाला. साष्टी हि त्यांत येते असें इंग्रजांचें म्हणणें; पोर्तुगीजांनीं तें साफ नाकारलें. १६६५ त हंफ्रे कुक यानें ताबा घेतला, तेव्हांहि माहीम हें मुंबईचें अंग कीं स्वतंत्र बेट, हा प्रश्न उरलाच होता. अखेर माहीम इंग्रजांकडे गेलें, साष्टी पोर्तुगीजांकडे राहिली. ती मराठ्यांनीं १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत जिंकली; १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी कंपनीकडे कायम झाली. यास्तव १७३९ ते १७७४ या काळांतील वांद्रें किंवा कुर्लें येथील कागद मराठी अंमलांतील समजावे. त्यांवर ‘मुंबई’ अशी चिठी लावणें म्हणजे एका राज्याचे कागद दुसऱ्याच्या दप्तरांत घालणें होय.

पुढें १८४५ त माहीमची पूलवाट खुली झाली. जमीन जोडली गेली, तरी कारभार जोडला गेला नाहीं. पालिकेची हद्द शंभर वर्षांहून अधिक काळ माहीम व शीव येथेंच थांबून राहिली. साष्टीचा दक्षिण भाग ठाणें जिल्ह्यांत होता. तो काढून १९२० त मुंबई उपनगर जिल्हा केला. पालिकेची हद्द १९५० त जोगेश्वरी व भांडुपापर्यंत, आणि १९५७ त दहिसर व मुलुंडापर्यंत गेली. म्हणून वांद्र्याच्या एकाच जमिनीचा १९०० चा कागद ठाण्याच्या दप्तरांत, १९३० चा उपनगर जिल्ह्याच्या दप्तरांत शोधावा लागतो. १९९० त उपनगर जिल्हा पुन्हा निराळा झाला; परिणामीं आजचा मुंबई शहर जिल्हा म्हणजे जवळजवळ जुनें बेटच होय.

पालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्यानें चालतो. निवडलेली महानगरपालिका, तिची स्थायी समिति व सरकारनें नेमलेला आयुक्त असे अधिकारी त्यांत सांगितले असून अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे आहे.

याहून विस्तृत असा महानगर प्रदेश होय. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन कायद्यान्वयें तो १९६७ त ठरविण्यांत आला, व त्याच्या विकासासाठीं १९७५ त प्राधिकरण स्थापन झालें. प्रदेशाचें क्षेत्र पूर्वीं ४,३५५ चौरस किलोमीटर होतें. तें २०१९ त ६,३२८ झालें. यांत मुंबई, ठाणें, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, वसई-विरार, मीरा-भाईंदर व पनवेल अशा नऊ महानगरपालिका येतात. गटारें, दिवाबत्ती, कचरा हीं कामें ज्या त्या पालिकेचीं. प्रदेशाची योजना व मोठे रस्ते, पूल, लोहमार्ग हीं कामें प्राधिकरणाचीं. मात्र प्राधिकरणाच्या निवडणुकीस कोणी मतदार जात नाहीं. ही उणीव ओळखूनच १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें महानगर नियोजन समिति सांगितली असून तिचे निदान दोनतृतीयांश सभासद पालिकांच्या निर्वाचित सभासदांनीं व पंचायतींच्या अध्यक्षांनीं आपल्यांतूनच निवडावे असें ठरविलें आहे. तीच दुरुस्ती दहा लाख वा अधिक वस्तीच्या, दोन वा अधिक पालिका, पंचायती वा लगतचे प्रदेश मिळून होणाऱ्या व राज्यपालांनीं जाहीर केलेल्या क्षेत्रास ‘महानगर क्षेत्र’ म्हणते.

खानेसुमारीची सीमा याहून वेगळी. ती सलग वस्तीवर ठरते. २०११ त ठाणें व कल्याण मुंबईच्या नागरी समूहांत धरलीं गेलीं. भिवंडी व वसई-विरार मात्र प्रदेशांत असूनहि समूहाबाहेर राहिलीं.

सीमा न पाहतां आंकडे जुळविल्यास काय होतें, हें आतां ध्यानांत येईल. १८६४ च्या गणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. ती केवळ बेटाची. २०११ त पालिकेच्या हद्दींत १,२४,४२,३७३, तर समूहांत १,८३,९४,९१२ माणसें होतीं. हे तीन आंकडे एका ओळींत मांडून शहर इतकेपट वाढलें असें म्हणणाऱ्यानें वस्तीच्या वाढींत हद्दीची वाढ मिसळली, असें म्हणणें प्राप्त आहे.

तेव्हां आमची सूचना इतकीच, कीं यादींत ‘मुंबई’ एवढेंच न लिहितां आधीं गांवाचें नांव, मग कागदाचा शक वा सन, आणि त्यानंतर त्या सनीं तें गांव ज्या अंमलाखालीं व जिल्ह्यांत होतें त्याचें नांव लिहावें. हद्दी यापुढेंहि बदलतील. गांव व सन हीं दोन कायम राहिलीं, तर पुढील अभ्यासकास कागद हुडकतां येईल.