उलट विचारता येईल असा माणूस

२०२०च्या मार्चमध्ये कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा. मग हात धुण्याची, अंतर ठेवण्याची सूचना, आणि ती संपल्यावर कुठं पलीकडची घंटी. इतक्या लोकांच्या कानाशी एकाच वेळी पोचलेला दुसरा सरकारी संदेश आठवत नाही. पण त्याला उलट काही विचारता येत नव्हतं. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात एका खोलीत सहा माणसं झोपणाऱ्या घरानं अंतर नेमकं कुठं ठेवायचं? शेतात कामाला माणूस हवा, तर बोलवायचा की नाही? टीव्ही, रेडिओ, ग्रामपंचायतीचा भोंगा, कोतवालाची दवंडी, व्हॉट्सॲप, मुख्यमंत्र्यांचं फेसबुक लाइव्ह, सगळं चालू होतं. त्या काळात माध्यमं कमी पडली नाहीत. उत्तर देणारी माणसं कमी पडली, असं माझं ठाम मत आहे.

उत्तर मिळालं नाही की त्या जागी अफवा येऊन बसते. लॉकडाऊनच्या आधीच कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो, ही आवई उठली आणि जिवंत कोंबडीचे भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली कोसळले. तेव्हाचे पशुसंवर्धन मंत्री सुनील केदार यांनी लोकांसमोर चिकन खाऊन दाखवलं, तोवर पोल्ट्रीवाला बुडाला होता. पुढं संशय वर्तमानपत्रावर आला. २३ मार्चपासून मुंबईत छापील अंक काही दिवस निघालेच नाहीत आणि १८ एप्रिलच्या आदेशानं राज्य सरकारनं अंक घरोघरी टाकायला मनाई केली. पत्रकार संघटना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेल्या. तीनच दिवसांत सरकारनं मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रं वगळून ही मनाई उठवली. विषाणू कशाकशावर टिकतो हे तेव्हा पुरतं कळलं नव्हतं, त्यामुळं सरकारची धास्ती समजण्यासारखी आहे. तरीही जिच्यावर संपादकाचं नाव छापलेलं असतं, चूक झाली तर जिला जाब विचारता येतो, तीच वस्तू दारातून परत फिरवली गेली. बिननावी फॉरवर्ड मात्र हातात खेळत राहिला.

अफवेला कायद्यानंच आवर घालावा, असं म्हणणाऱ्यांकडं भक्कम दाखला आहे. १६ एप्रिल २०२०च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं चोर समजून जमावानं दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या भागात आधीपासून फिरत होत्या. गावच्या सरपंच जमावाला आवरत होत्या, तरी कुणी ऐकलं नाही. मग ओळखीच्या माणसाचा उपयोग काय, हा आक्षेप मला टाळता येत नाही. माझं उत्तर असं की पेटलेल्या जमावासमोर कुणाचाच शब्द चालत नाही. तो आधीच्या शांत दिवसांत रुजावा लागतो. चिथावणी देणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण शंका विचारणाराही गुन्हा दाखल होईल म्हणून भिऊ लागला तर तो गप्प बसतो आणि मनातली भीती शेजाऱ्यालाच सांगतो. हा अनुभव जुना आहे. २०२०च्या मार्चमध्ये राज्यानं लागू केलेला साथरोग कायदा १८९७चाच, प्लेगच्या साथीतला. त्याच वर्षी पुण्यातल्या गोऱ्या शिपायांच्या घरझडत्यांवर ‘केसरी’नं टीका केली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटलाही झाला. प्लेग काही त्या खटल्यानं हटला नाही.

याउलट जे चाललं ते डोळ्यांसमोर आहे. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली आणि आशाताई, म्हणजे गावोगावच्या आशा सेविका, घरोघर फिरल्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला की दोन आकडे दिसतात. त्यातला ऑक्सिजनचा कोणता आणि नाडीचा कोणता, हे जाहिरातीतून कळत नाही. ते ताई बोट ठेवून दाखवते, आणि म्हातारीनं चारदा विचारलं तर चारदा सांगते. यात भाषा फार मोठी. यवतमाळात बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरबोली, कोलामांच्या पोडावर कोलामी, कुठं गोंडी. लसीसाठी १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयाच्यांना कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ते फक्त इंग्रजीत होतं. मराठी आली जूनमध्ये, सर्वोच्च न्यायालयानं ग्रामीण माणसाच्या अडचणीवर बोट ठेवल्यानंतर. हे आपल्याकडंच घडलं असं नाही. जॉर्जिया देशातली मार्नेउली आणि बोल्निसी ही पालिकाक्षेत्रं २३ मार्च २०२०ला बंद केली गेली. तिथं अझरबैजानी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती, आणि राजभाषेतल्या सूचना तिथंही अपुऱ्या पडल्या.

व्हॉट्सॲपनं उपकारही केले, हे नाकारून चालणार नाही. शिक्षकांनी त्यावर धडे पाठवले, डॉक्टरांनी सल्ले दिले, खाटा कुठं रिकाम्या आहेत ते कळलं. पण नीट पाहिलं तर तिथंही पाठवणारा ओळखीचा होता आणि त्याला परत फोन लावता येत होता.

ज्या बायकांच्या शब्दावर घरोघरचं हे काम उभं राहिलं, त्या राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा सेविकांना मोबदल्यासाठी १५ जून २०२१पासून संपावर जावं लागलं.