गोष्ट सर्वांना खुली करणारी संस्था

मुलांना पुस्तकं वाटायला देणगी मिळते. प्रती मोजता येतात, वाटपाचे फोटो निघतात. पण घरात संथाली किंवा कोरा बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेतली गोष्ट द्यायची म्हटलं, तर ती बहुतेकदा कुणी छापलेलीच नसते. बंगळूरच्या ‘प्रथम बुक्स’नं यावर शोधलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो.

या कामाचं मूळ मुंबईत आहे. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी १९९५ मध्ये वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘प्रथम’ सुरू केली. मुलं वाचायला शिकू लागली, पण शिकल्यावर वाचायचं काय? परवडणारी, रंगीत, आपल्या भाषेतली पुस्तकं बाजारात नव्हतीच. त्या गरजेतून २००४ मध्ये रोहिणी निलेकणी, अशोक कामत आणि रेखा मेनन यांनी ना-नफा तत्त्वावर ‘प्रथम बुक्स’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. एकच गोष्ट, चित्रं तीच आणि मजकूर वेगवेगळ्या भाषांत, अशी छपाई केली की चित्रांवरचा खर्च सगळ्या भाषांत वाटला जातो. शिवाय घडीचं गोष्टकार्ड काढलं, म्हणजे बांधणीचाही खर्च वाचला.

तरीही छापून छापून किती भाषांपर्यंत पोहोचणार? म्हणून ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे डिजिटल व्यासपीठ सुरू झालं. तेव्हा २४ भाषांतल्या ८०० गोष्टी होत्या. आज तीनशेहून अधिक भाषा आहेत. हे साधलं ते परवान्यामुळे. इथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. मूळ लेखक-चित्रकारांचं नाव द्या. मग वाचा, छापा, भाषांतर करा, विकासुद्धा. वेगळी परवानगी नको. शांतिनिकेतनजवळच्या ‘सूचना’ या संस्थेनं याच वाटेनं संथाली आणि कोरा भाषांत पुस्तकं केली. स्टोरीवीव्हरवर गोष्टींच्या चार पायऱ्याही ठरवल्या आहेत: पहिलीत अडीचशेहून कमी शब्द, चौथीत दीड हजाराहून जास्त. दहा वर्षांच्या पण अडखळत वाचणाऱ्या मुलाला शिक्षक पहिल्या पायरीचं पुस्तक देऊ शकतो.

इथं देणगीचा अर्थच बदलतो. प्रतींना दिलेला पैसा प्रती फाटेपर्यंत टिकतो. गोष्ट घडवायला, म्हणजे लेखक, चित्रकार आणि संपादक यांच्या मानधनाला दिलेला पैसा पुढच्या प्रत्येक भाषांतराला पुरतो. गुगलच्या दानशाखेनं २०१७ मध्ये स्टोरीवीव्हरला ३६ लाख डॉलर दिले, ते योग्य जागी गेले असं मी म्हणेन. छापील पुस्तकांची गरज मात्र संपलेली नाही. जिथं पडदा नाही, तिथं कागदच लागतो. त्यासाठी संस्थेनं २०१५ मध्येच ‘डोनेट-अ-बुक’ काढलं: शाळेनं किंवा वाचनालयानं आपली मागणी मांडायची, लोकांनी थोडे थोडे पैसे घालून ती पुरवायची.

मला उणीव जाणवते ती पुढच्या टप्प्यावर. पुस्तक पोहोचतं, पण मुलांमध्ये बसून ते रंगवून वाचणाऱ्या ताईचं मानधन देणगीच्या अर्जात शेवटच्या ओळीत येतं आणि काटछाट आली की पहिल्यांदा तेच जातं. पेटीत पडून राहिलेली पुस्तकं हा त्याचाच परिणाम असतो. ज्या मुलाच्या घरात कुणी वाचणारं नाही, त्याला अक्षरं समजण्याआधी गोष्टीची गोडी लावणारा माणूस लागतो.

तेव्हा, गावातल्या शाळेला काही द्यायचं मनात असेल, तर पुस्तकांच्या गठ्ठ्यासोबत वाचून दाखवणाऱ्या ताईचं वर्षभराचं मानधनही द्या. आणि तुमच्या घरात अहिराणी, कोरकू, वारली किंवा मालवणी बोलली जात असेल, तर स्टोरीवीव्हरवरची पहिल्या पायरीची एक गोष्ट उचला आणि आपल्या बोलीत लिहून काढा.