डेटा हवाय की लॅपटॉप?

लॅपटॉप स्लो झालाय म्हणून नवीन घ्यायचा विचार करताय? थांबा. बऱ्याचदा फक्त आतली हार्ड डिस्क बदलून काम भागतं. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक गोष्ट करायलाच हवी. ती न केल्याने आमच्या घरी काय झालं, तेही वाचा.

बटण दाबायचं, उठून चहा टाकायचा, चहाला उकळी आली की परत येऊन बसायचं. तरी स्क्रीनवरचे ते ठिपके गोल गोल फिरतच असतात. विंडोज उघडलं की ब्राउझरवर क्लिक करायचं आणि मोबाइल बघत बसायचं. ओळखीचं वाटतंय ना? दादर असो की गिरगाव, दादाने किंवा ताईने वापरून झालेला लॅपटॉप ज्याच्या वाट्याला येतो, त्याची सकाळ अशीच सुरू होते.

माझाही लॅपटॉप असाच, मावसभावाकडून आलेला. शेवटच्या वर्षाला डॉक्युमेंटरीचं सबमिशन होतं. विषय घरातलाच घेतला होता, आमचे आजोबा. लालबागला एका खोलीत दहा-बारा जण राहायचे, त्यातले ते एक. गिरणीत साचेखात्यात कामाला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि खोलीतली माणसं एकेक करून गावाकडे निघाली. कॅमेऱ्यासमोर बसून आजोबांनी त्या सगळ्यांची नावं घेतली. कोण कुठल्या गावचा, कोण कधी गेला, जाताना कोणी ट्रंक मागे ठेवली. चाळीस मिनिटं ते थांबलेच नाहीत. मी फुटेज लॅपटॉपवर टाकलं आणि मेमरी कार्ड पुढच्या शूटसाठी रिकामं केलं.

तीन आठवड्यांनी लॅपटॉपमधून टिक् टिक् असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, पंखा असेल. सबमिशनला चार दिवस असताना लॅपटॉप सुरूच होईना. मग निघाले लॅमिंग्टन रोडला.

पाचवं स्टेशन

दादरहून वेस्टर्नची चर्चगेट स्लो पकडली की ग्रँट रोड पाचवं स्टेशन. पूर्वेला उतरायचं आणि चालत सुटायचं. गिरगावकरांना तर ट्रेनचीही गरज नाही. 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव या रस्त्याला पडलं. आज त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण 'लॅमिंग्टनला जाऊन येतो' म्हटलं की अख्ख्या मुंबईला कळतं, हा कॉम्प्युटरचं काहीतरी आणायला चाललाय.

मी गेले त्या दुकानातल्या काकांनी लॅपटॉप कानाला लावला, दोन सेकंद ऐकलं आणि विचारलं, "पहले ये बोलो, डेटा चाहिए या लॅपटॉप?"

मला प्रश्नच कळला नाही. दोन्ही हवं होतं! त्यांनी समजावलं. लॅपटॉप अर्ध्या तासात नव्यासारखा करून देतो, पण जुन्या डिस्कवरचं किती निघेल याची गॅरंटी नाही. आधी कॉपी करून घेतली असतीस तर हा प्रश्न आलाच नसता.

तो आवाज नक्की कसला?

हार्ड डिस्कच्या आत खरंच तबकडी असते. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला 5400 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 90 वेळा. तिच्यावर एक बारीक हात इकडून तिकडे सरकत माहिती वाचतो, ग्रामोफोनच्या सुईसारखा. फरक इतकाच की हा हात तबकडीला टेकत नाही, अगदी सूक्ष्म अंतरावर तरंगतो. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स लागतात आणि त्या तबकडीवर विखुरलेल्या असतात. प्रत्येकीसाठी हात सरकवा, तबकडी फिरून जागेवर यायची वाट बघा, मग वाचा. तुमचा चहा होईपर्यंत चाललेलं असतं ते हे.

ही कल्पना खूप जुनी आहे. आयबीएमने 1956 मध्ये 'रॅमॅक' यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात 50 मोठ्या तबकड्या होत्या आणि मावायची जेमतेम 50 लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढी जागा सहज खातो.

एसएसडीत यातलं काहीच फिरत नाही. पेनड्राइव्हसारख्याच फ्लॅश मेमरीच्या चिप असतात, त्यामुळे कुठलीही फाइल जवळपास लगेच हाती लागते. लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 एमबी वाचत असेल, तर सॅटा एसएसडी 500 च्या पुढे जाते आणि एनव्हीएमई प्रकारची काही हजारांत. पण रोजच्या वापरात जाणवतो तो छोट्या फाइल्स शोधण्यातला फरक. म्हणूनच सात-आठ वर्षं जुना लॅपटॉपसुद्धा एसएसडी टाकल्यावर चहाला वेळच देत नाही.

आणि तो टिक् टिक् आवाज? बऱ्याचदा तो हात जागा शोधतो, सापडत नाही, परत येतो, पुन्हा जातो, त्याचा असतो. हा आवाज आला की लॅपटॉप लगेच बंद करा. महत्त्वाचा डेटा असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. मी ती चूक चार दिवस केली.

विकत घेण्याआधी

पहिलं काम, आत काय आहे ते बघा. विंडोज 10 किंवा 11 असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. तिथे एचडीडी आहे की एसएसडी ते लिहिलेलं असतं. आधीच एसएसडी असेल आणि तरी लॅपटॉप रडत असेल, तर रोग वेगळा आहे. रॅम कमी असेल किंवा डिस्क गच्च भरली असेल.

दुसरं, कुठली एसएसडी बसते? जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची सॅटा डिस्क असते. तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी सरळ बसते. नंतरच्या लॅपटॉपमध्ये च्युइंग गमच्या पट्टीसारखी 'एम डॉट टू' एसएसडी लागते. त्यात 2280 हे नेहमीचं माप, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब. इथे एक गंमत आहे. एम डॉट टू हा फक्त आकार झाला. आतून ती सॅटा असू शकते किंवा एनव्हीएमई, आणि तुमचा लॅपटॉप दोन्ही घेईलच असं नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या खालचा मॉडेल नंबर बघा, कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल काढा आणि मगच दुकानात जा. काही पातळ लॅपटॉपमध्ये आणि हल्लीच्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच डकवलेलं असतं. तिथे हा उद्योग होत नाही.

तिसरं, भाव तीन दुकानांत विचारा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. बिल पक्कं घ्या, त्यावर सीरियल नंबर हवा, कारण वॉरंटी त्याच्यावरच मिळते. फुटपाथवर कोणी फारच स्वस्तात '2 टीबी' देत असेल तर खिशातला हात बाहेर काढू नका. लेबल दोन टीबीचं आणि आत त्याच्या कितीतरी पट कमी जागा, अशा बनावट ड्राइव्ह बाजारात असतात. आणि हो, 512 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये 476 जीबीच दिसली तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या, म्हणून तो फरक.

क्लोन की कोरी पाटी?

आता दोन रस्ते. एक, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर करायची. याला क्लोन म्हणतात. एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला जोडायची आणि सॉफ्टवेअरने क्लोन करायची. 'क्लोनझिला' फुकट मिळतं, पण ते नव्याला जरा अवघड वाटतं. अनेक एसएसडी कंपन्या आपलं सोपं सॉफ्टवेअर देतात. दुसरा रस्ता, पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकायचं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं टूल किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर ते बनवून देतं. ओरिजिनल विंडोज आधी ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलली तरी सहसा पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत. चार वर्षांचा कचरा साठला असेल तर माझं मत कोऱ्या पाटीला.

पण रस्ता कुठलाही असो, आधी महत्त्वाच्या फाइल्स वेगळ्या जागी कॉपी करा. क्लोन करताना कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी हे निवडताना गडबड झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून कागदावर लिहून घ्या. आणि डिस्क आधीच आवाज करत असेल तर क्लोनच्या भानगडीत पडू नका. जे सगळ्यात मोलाचं, ते आधी बाहेर काढा.

स्क्रू, कागद आणि जुनं कार्ड

प्रत्यक्ष बदलणं खरं तर सगळ्यात सोपं. शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होतो. चार्जर काढा. लोखंडी कपाटाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवा. एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने लावा. काही स्क्रू लांब, काही आखूड असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळलात तर वरच्या बाजूला टेंगूळ येतं. झाकणाच्या कडा उघडायला धातूचं काही नको, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड बस. झाकण निघालं की आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

एम डॉट टू एसएसडी तिरकी घालायची, मग अलगद खाली दाबून छोटा स्क्रू लावायचा. अडीच इंची डिस्क असेल तर जुन्या डिस्कची फ्रेम काढून नवीला लावायची. जोर कुठेच लावायचा नाही. बसत नसेल तर तुमची दिशा चुकतेय. हात थरथरत असतील तर दुकानात द्या, फक्त समोर बसून करून घ्या आणि जुनी डिस्क मागून घ्या. तिच्यात तुमचे फोटो, पासवर्ड, आधारची कॉपी आहे. डिलीट मारलं म्हणजे पुसलं गेलं असं नसतं. धडधाकट असेल तर ती केसिंगमध्ये घाला, झाली तुमची पोर्टेबल हार्ड डिस्क.

आजोबांची नावं

काकांनी माझ्या डिस्कवरून बऱ्याच फाइल्स काढून दिल्या. असाइनमेंट्स आल्या, ट्रिपचे फोटो आले. आजोबांची क्लिप अर्ध्यावर तुटली. सबमिशन कसंबसं झालं. नंतर मी आजोबांना परत कॅमेऱ्यासमोर बसवलं. ते बसले, बोलले. पण या वेळी सगळी नावं आली नाहीत. "तो एक होता बघ, साताऱ्याकडचा..." म्हणून ते थांबले आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. पहिल्या वेळी त्यांना ते नाव आठवलं होतं. मी ते ऐकलं होतं. मलाही आता आठवत नाही.

एसएसडी आली म्हणजे ही भीती गेली असं समजू नका. ती पडली-आपटली तर हार्ड डिस्कपेक्षा जास्त तग धरते, पण बिघडायची असेल तर आवाज न करता एका क्षणात बंद पडू शकते. शिवाय तिच्यातली डिलीट झालेली फाइल परत मिळवणं हार्ड डिस्कपेक्षा खूप अवघड, कारण 'ट्रिम' नावाची सोय रिकाम्या झालेल्या जागा मागच्या मागे साफ करून टाकते. म्हणजे लॅपटॉप जितका वेगवान, तितकी बॅकअपची गरज मोठी.

माझा तोच जुना लॅपटॉप आता नव्या एसएसडीवर पळतोय, हा लेखही त्याच्यावरच लिहिला. आजोबांची दुसरी क्लिप मात्र तीन ठिकाणी आहे. लॅपटॉपवर, केसिंगमधल्या डिस्कवर आणि क्लाउडवर. तुमच्याकडे अशी एखादी फाइल असेलच. आजीची पाककृती, एखाद्या मित्राचा आवाज. आज संध्याकाळी ती फक्त एका जागी आहे का, तेवढं बघा.

निघण्याआधी हे तपासा

• मोलाच्या फाइल्सच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.
• कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही. दोन-चार फाइल्स उघडून बघा.
• 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. 'कॉशन' दिसलं तर आजच बॅकअप.
• लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी अटी वाचा.
• बिटलॉकरची की कागदावर, लॅपटॉपमध्ये नव्हे.
• मेलेली डिस्क कचऱ्याच्या डब्यात नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.
• मेमरी कार्ड रिकामं करायची घाई करू नका.