सक्शनला लावलेला लपेटा

उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात माळवदावर नाहीतर अंगणात बाज टाकून झोपायची जुनी रीत. रात्री दोनच्या सुमाराला गाव निवांत झालेलं असतं आणि कुठल्या तरी बाजेवरून घोरणं ऐकू येतं. घर्र, घर्र, आवाज चढत जातो आणि एकदम बंद होतो. बाजूच्याला वाटतं, थांबलं बाबा एकदाचं. पण तेव्हाच मनात आकडे मोजायला लागा. दहा. वीस. तीस. छाती ओढली जातेय, पोट वरखाली होतंय, पण नाकाशी बोट धरलं तर वाऱ्याची झुळूकही लागत नाही. मग सगळं अंग हिसका घेतं, घशातून भसकन हवा आत शिरते, माणूस कूस बदलतो आणि पुन्हा घर्र, घर्र.

सकाळी घरातले म्हणतात, "तात्यांना काय झोप लागते! अख्ख्या गल्लीला ऐकू जातं." आणि चहाचा कप हातात धरून तात्या म्हणतात, "डोकं जड झालंय, झोप झालीच नाही बघा."

तात्यांचं म्हणणं खरं असतं. असा श्वास तासाला चाळीस वेळा अडकत असेल, तर सात तासांत २८० वेळा त्यांचा मेंदू झोपेतून वर आलेला असतो, दर वेळी काही सेकंदच. त्यातलं एकही जागं होणं त्यांना आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. 'ॲप्निया' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ श्वास नसणं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, की डॉक्टर ती एक घटना धरतात.

हे का घडतं, ते विहिरीवर मोटर बसवलेल्या कुणालाही चटकन कळेल. मोटरीला दोन बाजू असतात. डिलिव्हरीला आपण मऊ लपेटा पाइप जोडतो, पाणी आलं की तो आपोआप फुगतो, सरीपर्यंत नेता येतो आणि काम झालं की गुंडाळून ठेवता येतो. सक्शनला मात्र कडक पाइपच लागतो. तिथं कुणी लपेटा जोडला, तर मोटर ओढायला लागताच तो चिकटून बसेल आणि पाण्याचा थेंब वर येणार नाही.

आपला गळा म्हणजे सक्शनला लावलेला लपेटा आहे. कंठमण्याच्या खाली हलकेच बोट फिरवून बघा, श्वासनलिकेच्या कड्या हाताला लागतात. त्या कूर्चेच्या आहेत आणि नळी मिटू देत नाहीत. नाकाच्या आतही हाडाची चौकट आहे. मधला चार-पाच बोटांचा घसा मात्र नुसत्या स्नायूंचा. पडजीभ, टाळूचा मागचा भाग, जिभेचं मूळ, सगळं मऊ. जिभेच्या मुळाशी हायॉइड नावाचं नालेसारखं एक हाड आहे, पण ते दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्यानं जोडलेलं नाही, स्नायूंवर टांगलेलं आहे. असं मोकळं ठेवण्याला कारण आहे. याच जागेतून घास जातो, याच जागेतून वारा जातो आणि इथंच आवाजाला आकार येतो. इथं कडक नळी असती, तर आपल्याला गिळता आलं नसतं आणि बोलताही आलं नसतं. ज्या मऊपणामुळे माणूस ओवी म्हणू शकतो, त्याच मऊपणामुळे रात्री त्याचा श्वास अडतो. मला यापेक्षा विलक्षण सौदा शरीरात दुसरा दिसत नाही.

दिवसा मेंदू त्या स्नायूंना सतत ताणून धरतो. झोप लागली की दोर ढिले पडतात. घशाची वाट मुळातच अरुंद असेल, मानेत चरबी असेल, जबडा मागे असेल, टॉन्सिल वाढलेले असतील किंवा संध्याकाळी दारू झाली असेल, तर छातीनं आत ओढताच लपेटा चिकटतो. उताणं झोपल्यावर जीभ मागे घसरते म्हणून त्रास आणखी वाढतो. "आवो, कुशीवर व्हा की," असं म्हणून ढोसणारी बायको वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर असते.

वाट बंद, आणि खाली छाती ओढतेच आहे. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू घाबरून शरीराला हाक देतो, रक्तदाब उसळतो, घसा उघडतो. रात्रभर हेच चालतं. बंद वाटेवर छातीनं ओढ घेतली की हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीराला वाटतं, रक्तात पाणी जास्त झालं. मग हृदयातूनच एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडांना लघवी वाढवायला सांगतं. रात्रीतून तीन-चारदा उठणाऱ्या माणसाला आपण साखर किंवा प्रोस्टेटच्या तपासणीला पाठवतो. ती तपासणी करावीच, पण कधी कधी मूळ कारण घशात असतं. गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर तिथंही हाच संशय घ्यावा लागतो.

एवढी जुनी गोष्ट विज्ञानाला फार उशिरा दिसली. १९६५ साली फ्रान्समध्ये आणि जर्मनीत, दोन गटांनी वेगवेगळं काम करत झोपलेल्या माणसांचा श्वास यंत्रावर टिपला आणि तो थांबतो हे नोंदवलं. त्यानंतर बरीच वर्षं खरा इलाज एकच होता, गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवायची. जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांकडे असाच एक रुग्ण होता. त्रास भयंकर, पण गळ्याला भोक नको म्हणाला. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, हवा ओढायच्या ऐवजी फुंकेल अशी लावली आणि नळी त्याच्या नाकावर बसवली. दाब वाढवला की श्वास मोकळा, कमी केला की पुन्हा अडकला. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव छापून आला. आज त्याच यंत्राला सीपॅप म्हणतात. मोटरीच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी सक्शनचा पाइप डिलिव्हरीवर आणला. आतून हवेचा दाब असला की लपेटा फुगलेला राहतो.

हा दाब किती, ते घरीच बघता येतं. उंच पेल्यात पाणी भरा, पपईच्या पानाचा पोकळ देठ दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. बुडबुडा निघायला जेवढा जोर लागतो, तेवढ्या दाबावर अनेक रुग्णांचा घसा रात्रभर उघडा राहतो. यंत्राची धाव साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी असते. शेंबडं पोर काढतं तेवढ्या बुडबुड्यानं थोराचा श्वास वाचतो.

आपल्याकडे हा शहरी, लठ्ठ लोकांचा आजार समजला जातो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी समजल्या जाणाऱ्या पुरुषांना प्रश्न विचारले आणि त्यातल्या २५० जणांची झोप त्यांच्या घरीच यंत्रावर टिपली. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं. त्यासोबत दिवसा पेंगणारे ७.५ टक्के होते. वजन, मानेचा घेर आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध दिसला. तो अभ्यास शहरातल्या पुरुषांचा होता, पण घसा गाव बघून मिटत नाही. सडपातळ माणसांनाही हा त्रास होतो. बायकांना पाळी गेल्यावर धोका वाढतो, आणि त्यांचा थकवा, डोकेदुखी, तुटक झोप "कामानं होतं" म्हणून सोडून दिली जाते, ते मला सगळ्यात खटकतं. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगताना याच आजाराचं नाव घेतलं आणि कित्येकांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

झोपेच्या दवाखान्यातली रात्र वेगळीच असते. डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तारा, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा, नाकाखाली बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा लाल दिव्याचा चिमटा. रुग्ण झोपतो आणि शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ पडद्यावर त्याची रात्र वाचत बसतो, तीस-तीस सेकंदांचं एक पान धरून. आठ तासांची ९६० पानं होतात. पूर्वी हे कागदावर उमटायचं, तेव्हा सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगानं एका रात्रीचा कागद २८८ मीटर भरायचा. शेवटी एक आकडा हाती येतो, तासाला किती वेळा श्वास अडला. पाचपर्यंत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

इलाज सीपॅपवरच संपत नाही. वजन उतरवणं, दारू सोडणं, कुशीवर झोपणं, खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी, लहान मुलांत टॉन्सिल-ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, पंधरा मिनिटं शंख फुंकला, त्यांचं दिवसाचं पेंगणं ३४ टक्क्यांनी कमी झालं आणि श्वास अडणं तासाला चार-पाच वेळांनी घटलं. शंख फुंकताना घशाचे तेच ढिले स्नायू कामाला लागतात. प्रयोग लहान आहे, तीव्र आजारात शंखावर विसंबून यंत्र सोडू नये. पण देवघरातली वस्तू प्रयोगशाळेत पोचली, याचा मला आनंद आहे.

नांदूरघाटच्या माणसानं जावं कुठं? सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. तिथं रक्तदाब, वजन आणि मानेचा घेर मोजला तरी अर्धा अंदाज येतो. शिंप्याच्या टेपनं मान ४० सेंटिमीटरच्या वर भरली, तर तो धोक्याच्या खुणांतला एक गुण. पुढे केजवरून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथं श्वसनविकार किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून पुढची तपासणी कुठं करायची ते विचारावं. रात्रभराची पूर्ण तपासणी मोठ्या शहरांत होते, पण अनेकांना घरी बोटाला-नाकाला लावून झोपायचं छोटं यंत्रही पुरतं. सीपॅप यंत्राचा खर्च शेतकरी घराला जड जातो, हे मान्यच. म्हणून निदान आधी पक्कं करून घ्यावं आणि घेण्याआधी काही दिवस भाड्यानं मिळतं का ते विचारावं.

दिवाळीनंतर या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उसानं भरलेले ट्रॅक्टर रात्र रात्र रस्त्यावर असतात. त्या स्टिअरिंगवर बसणाऱ्याचा श्वास झोपेत अडत असेल, तर दिवसा-रात्री केव्हाही त्याचा डोळा लागू शकतो. तेव्हा घरात कुणी असं घोरत असेल, तर आज रात्री मोबाइलवर पाच मिनिटं त्याचं चित्रण करा, घोरणं थांबून पुन्हा सुरू होतं ते त्यात येऊ द्या, आणि सकाळी ते डॉक्टरांना दाखवा. झोपलेल्या माणसाला स्वतःचं हे दुखणं कधीच दिसत नाही.